साडूंचं ऊन

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी नंदुरबारात माझ्या थोरल्या साडूंच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसलं. एक लाख नव्वद हजार रुपये. हजर होते साडू, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, पॅनल बसवणारा मिस्त्री आणि मी. उन्हातलं माझ्या साडूंना जेवढं कळतं तेवढं खुद्द सूर्यालाही कळत नसावं, असं मी तेव्हा मानत होतो.

त्यांचं सारं आयुष्य मिरचीच्या पथारीवर गेलं. माळावर लाल मिरची पसरायची, उलटवायची, वाळवायची. मूठभर मिरच्या कानाशी धरून हलवल्या की आतल्या बियांच्या आवाजावरून अजून किती ऊन लागेल ते सांगत, आणि ते चुकत नसे. गावोगावच्या उन्हाला त्यांनी नावं ठेवली होती. रनाळ्याचं ऊन इमानी, म्हसावदचं केळीच्या बागांनी ओलसर केलेलं, तळोद्याचं डोंगराशी गप्पा मारून उशिरा येणारं. लग्नाच्या मांडवात ते तासाभरानंतरची सावली धरून खुर्ची टाकत, आणि तोवर एकटेच उन्हात बसून राहत. एकदा एका मयतीलाही त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सरकवून बसवलं होतं. अक्का म्हणायच्या, "यास्ले ऊन समजस, मानूस समजत नही."

त्याच पथारीवर अक्कांनीही तीस वर्षं काढली. मिरचीची धूळ छातीत बसली ती बसलीच. गेल्या वर्षापासून खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि ते विजेवर चालतं. वीज गेली की छोटा सिलिंडर लावायचा, तो दोन तास पुरायचा. सोलर घ्यायचं ते एवढ्यासाठी.

पॅनल बसवण्याआधी मिस्त्रीने मोबाईलवर इथे किती ऊन पडतं त्याचा तक्ता दाखवला. साडूंनी तो लांबूनच पाहिला. "या मोबाईलनी कधी मिरची सुकाडी का?" असं विचारून त्यांनी गच्चीच्या चारी कोपऱ्यांत मिरचीच्या ताटल्या मांडल्या. आठवडाभराने टाकीजवळची मिरची मऊ निघाली. टाकीची सावली तिथवर येत होती, हे तक्त्यात नव्हतं. पॅनलची जागा दोन हात सरकली. मिस्त्रीने कान पकडले. मग त्याने बॅटरीचं विचारलं, तर साडू म्हणाले, "लाईट दुपारले जास. दुपारले ऊन ऱ्हास. मंग बॅटरीनं काय लोनचं घालू?" मी युनिटांचा हिशेब करून पाहिला. तो चोख होता. उन्हावर दोन तास वाद झाला, खांबावरच्या तारेवर कोणी काही बोललं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली आणि मशीनही थांबलं. मी तिथेच होतो, सिलिंडर मीच लावला. साडू जिना चढून गच्चीवर गेले, तापलेल्या पॅनलवर तळहात ठेवून उभे राहिले, आणि तिथूनच मला विचारलं, "ऊन शे ना, मंग लाईट कथी गयी?"

फोनवर मिस्त्रीने सांगितलं ते असं. खांबावरची वीज गेली की असं सोलर आपणहून बंद पडतं, नाहीतर तार दुरुस्त करणाऱ्या माणसाला झटका बसेल. चालू ठेवायचं तर बॅटरी हवी, इन्व्हर्टरही वेगळा हवा. सिलिंडर अर्ध्याहून खाली आला होता. आम्ही अक्कांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत साडू त्यांच्या तोंडावर आपल्या उपरण्याची सावली धरून बसले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी बॅटरीसाठी आगाऊ पैसे दिले, आणि अक्का घरी आल्यावर त्यांना तसं सांगितलं.

माल सुरतेहून यायला उशीर झाला. अक्का श्रावणात गेल्या. त्या रात्री वीज होती, मशीन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच संपली होती. मी हे साडूंना पुन्हा पुन्हा सांगितलं.

दशक्रियेनंतर बॅटरी आली. घरात आता विजेवर चालायला एक पंखा आणि दोन दिवेच. मी म्हणालो, परत करा, पैसे सुटतील. मिस्त्रीही तयार होता. साडू म्हणाले, "तिले सांगेल व्हतं, बसाडसू म्हनीसन."

बसवून झाल्यावर त्यांनी स्वतः मेन स्विच खाली ओढून खांबावरची वीज तोडली. अक्कांच्या खोलीतला दिवा जळत राहिला. ते त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन तो पाहून आले. मग त्यांनी उरलेले बेचाळीस हजार रुपये मिस्त्रीच्या हातात दिले.