टॅपेट कव्हरवर ठेवलेला हात

होटगी रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात एक रीत आहे. इंजिनाचं मोठं काम झालं की किल्ली गाडीच्या मालकानं फिरवायची आणि टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, तळहात अण्णांनी ठेवायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. ते डोळे मिटून थोडा वेळ उभे राहतात. हवा आतबाहेर सोडणारे आतले व्हॉल्व्ह वेळेवर उघडताहेत की नाही, हे त्यांना हाताला कळतं. मग ते एकच शब्द बोलतात, "न्या." तो ऐकल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षं काढली आणि परत आले ती हे गॅरेज चालवायलाच. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पोरीच्या हाताला ग्रीस लागलं की स्थळं येत नाहीत, असं कुंभारीची आत्या म्हणाली. स्थळं आली. मीच परत पाठवली. माझं तोंड फटकळ आहे आणि त्यानं माझं फारसं काही बिघडलेलं नाही.

अण्णांनी मला ब्रेक दिले, क्लच दिले, वायरिंग तर अख्खं माझ्यावर सोडलं. टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या वेळा जुळवायचं काम, मात्र दिलं नाही. टायमिंग मिस्त्रीच्याच हातचं, हे त्यांचं ठरलेलं. मी त्यावर पुष्कळ भांडले, पण ते भांडतच नाहीत, पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे जातात.

मागच्या उन्हाळ्यात मोडनिंबचे एक काका आपली नवी पेट्रोल गाडी घेऊन आले. डाळिंबाचे व्यापारी, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा पहिला टेम्पोसुद्धा आमच्याच शेडमध्ये वाढला. आमच्याकडेच सर्व्हिसिंग होऊन आठवडाही झाला नव्हता. गाडी हळू चालवली तर ठीक, पण पळवायला गेलं की पिकअप घ्यायची नाही आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. पुलाच्या चढावर ट्रकवाल्यांनी हॉर्न मारून जीव नकोसा केला, असं काका सांगत होते. अण्णांनी ऐकलं आणि टायमिंग चेन सैल पडली असेल, खोलून बघावी लागेल म्हणाले. काकांचा चेहरा उतरला. नवी गाडी इतक्यात खोलायची तर मग शोरूमलाच नेतो, असं ते हळूच बोलले.

त्या संध्याकाळी शेडचं शटर ओढताना अण्णा मला म्हणाले, "ही गाडी गेली तर शेड भाड्यानं देऊन टाकतो. नवी इंजिनं आपल्या हातातली न्हाईत आता."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. मला दुसरं काही नको होतं, हे गॅरेज हवं होतं.

सकाळी मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. या इंजिनाचं टायमिंग जुन्या इंजिनांसारखं एकाच जागी बांधलेलं नसतं. माणूस चालताना वेगळा श्वास घेतो आणि पळताना वेगळा, तसंच इंजिनाचंही. म्हणून कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक चाक असतं आणि त्या चाकात लहान लहान कप्पे असतात. त्या कप्प्यांत दाबानं ऑइल शिरलं की दांडा किंचित पुढे किंवा मागे सरकतो आणि व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलते. ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं मला. स्कॅनरवर दिसत होतं की कॉम्प्युटर दांड्याला सरक म्हणतोय आणि दांडा सरकतोय, पण रेंगाळत.

चेन सैल नव्हती. ऑइल जाड होतं.

होळी झाली की अण्णा प्रत्येक गाडीला जाड ऑइल घालायचे. सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइलचं पाणी होतं, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. जुन्या, झिजलेल्या इंजिनांना ती लागूही पडायची आणि त्या ऑइलवर कितीतरी गाड्या त्यांनी जगवल्या. या इंजिनात मात्र ऑइल नुसतं वंगण नव्हतं, दांडा सरकवणारा हात तेच होतं. केसाएवढ्या वाटांतून ते जाड ऑइल वेळेवर पोचत नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा काका तिथंच होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू जन्मली नव्हतीस तवापासनं घालतोय मी जाड ऑइल. हितलं ऊन पुण्यासारखं न्हाय."

"ऊन बाहेर हाय, अण्णा," मी म्हटलं. "रेडिएटरचं पाणी इंजिनाला ठरल्यापेक्षा जास्त तापू देत न्हाय. इंजिनाला सोलापूर काय आन् पुणं काय."

ते लिंबाखालच्या स्टुलावर जाऊन बसले. नको म्हणाले नाहीत, एवढ्याच आधारावर मी कामाला लागले. जाड ऑइल काढलं, चाकाकडे ऑइल सोडणारा छोटा व्हॉल्व्ह आणि त्याची जाळी साफ केली, नवा फिल्टर बसवला, कंपनीनं सांगितलेलं पातळ ऑइल भरलं. अण्णा सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते.

मग ते उठले, काकांकडून किल्ली घेतली आणि त्यांना शेजारी बसवून गाडी होटगीच्या दिशेनं नेली. मी शेडच्या दारात उभी राहिले. समोरच्या पंक्चरवाल्यानं चहा पाठवला, तो तसाच निवला.

गाडी परत आली. अण्णांनी इंजिन बंद केलं नाही. आतूनच बॉनेट सोडलं आणि स्टिअरिंगमागेच बसून राहिले. मी बॉनेट उचललं, वरचं प्लास्टिक काढलं आणि ते उतरायची वाट बघू लागले. ते उतरले नाहीत.

"हात ठेव," ते म्हणाले.

कव्हर चांगलंच तापलेलं होतं. चटका बसला, पण हात काढला नाही. अण्णांनी हळूहळू रेस दिली आणि माझ्या तळव्याखाली इंजिनाचा सूर बदलला, न अडखळता, न रेंगाळता. काका अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होते. ते कशासाठी थांबलेत, हे कळायला मला जरा वेळच लागला.

"न्या," मी म्हटलं.