कपडे धुणाऱ्या मुलींचा सिनेमा

दहा बाया महिन्यातून एकदा एकत्र बसून सिनेमा बघायला लागल्या की सिनेमा होतो एक आणि किस्से होतात चार. सिनेमांची नावं मी पटापट विसरते. किस्से मात्र जात नाहीत. त्यातले काही गेले असते तर बरं झालं असतं, असंही कधी कधी वाटतं.

आम्ही जमतो महाडात, नसीमा आपाच्या माडीवर, शनिवारी दुपारी. प्रोजेक्टर तिच्या नवऱ्याने कुवेतहून आणलेला. मी शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, म्हणून परदेशी सिनेमाखालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात. मला सिनेमा मध्येच थांबवायची मुभा आहे आणि बायकांना माझं न ऐकण्याची!

एकदा ऐन शेवटाला लाईट गेली. तासभर वाट बघितली, मग सगळ्या कंटाळल्या म्हणून शेवट मीच सांगून टाकला. दोघांची भेट होते, लग्न होतं, सुखाने नांदतात. बायका खूश होऊन जिना उतरायला लागल्या आणि लाईट आली. परत बसलो. पाच मिनिटांत नायक बोटीवरून पडून मेला.

नसीमा आपा म्हणाली, "बाईंचाच शेवट बरा होता." तेव्हापासून मी काही गोड सांगायला लागले की सगळ्या माझ्याकडे संशयाने बघतात. गोड करून सांगायची माझी खोडच आहे.

*

आता त्या सिनेमाचं. नन्सनी चालवलेली एक संस्था, तिथे मोठी लाँड्री. 'बिघडलेल्या' म्हणून घरच्यांनी आणून टाकलेल्या मुली दिवसभर गावभराचे कपडे धुतात. पगार नाही, सुट्टी नाही, बाहेर जायला परवानगी नाही. कोणाचा गुन्हा काय, तर लग्नाआधी दिवस गेले. एकीचा तर एवढाच, की ती दिसायला चांगली होती.

मला काळजी ग्रेसची. ग्रेस पोलादपूरला एका दवाखान्यात नर्स आहे, रविवारची प्रार्थना न चुकवणारी. तिला वाईट वाटायला नको म्हणून मी आधी फोन करून सांगितलं, तू या वेळी नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, "बाई, देवाचं नाव घेऊन कुलूप लावलं म्हणून कुलपाचा देव होत नाही. मी येते."

आली, आणि सगळ्यांत पुढे बसली.

*

सिनेमा सुरू झाला तसा बायकांनी धुण्यातल्या चुका काढायला घेतल्या. चादर अशी पिळतात का, कॉलर आधी घासायला नको का. पडद्यावर मोठ्या पिंपात सोडा ओततात, तर नसीमा आपा म्हणाली, एवढा सोडा टाकला तर हात सोलवटून निघतील. सगळ्या हसल्या, मीही हसले.

पुढच्याच दृश्यात त्या मुलीचे हात जवळून दाखवले. नसीमा आपा उठली आणि चहा ठेवायला गेली. चहाची वेळ झालेली नव्हती.

*

एका दृश्यात भाजीवाल्याची गाडी आत येते आणि फाटक उघडं राहतं. एक मुलगी तिथवर जाते, रस्ता बघते, आणि आपणहून परत आत येऊन कामाला लागते. नसीमा आपाच्या सुनेला राहवेना. "पळ ना गो," ती पडद्यालाच म्हणाली. "येडी हाय काय ही?"

तेव्हा मागून आवाज आला, "जाईल कुठं? घरच्यानीच आणून सोडलीय ना तिला."

बोलली ती शेवंतामावशी. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, आता महाडात मुलाकडे राहते. मुलगा दिनेश वीर स्टेशनला रिक्षा चालवतो. तोच तिला सोडतो आणि न्यायला येतो. वर्षभरात मावशीच्या तोंडून 'येते' आणि 'जाते' यापलीकडे काही ऐकलेलं आम्हांला आठवत नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी पडद्याकडेच बघत होती.

*

मग तो प्रसंग आला. मुलीपुढे कागद ठेवतात, सही घेतात आणि तिचं बाळ उचलून नेतात. ती खिडकीतून ओरडत राहते. खालची अक्षरं मला वाचवेनात. माझी जुनी खोड उफाळून आली आणि मी म्हटलं, "ती म्हणतेय, माझ्या बाळाला चांगलं घर मिळू दे."

"असं नाय म्हणत ती," मावशी म्हणाली.

मावशीला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी सिनेमा थांबवला. मला लाज वाटली, चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं त्याची जास्तच वाटली. मग खरं ते वाचून सांगितलं. ती म्हणत होती, ते माझं आहे, मला एकदा घेऊ द्या, एकदाच. ग्रेसने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि ती नुसतीच रडत होती.

*

सिनेमा संपला. बायका एरवी तासभर घोटाळतात, त्या दिवशी भराभर गेल्या. नसीमा आपा कप विसळत होती. आमचा पडदा म्हणजे तिच्या डबलबेडची पांढरी चादर. मी ती खिळ्यांवरून काढली, तर मावशीने पुढे होऊन दुसरी दोन टोकं धरली.

आम्ही चादर मधोमध दुमडली आणि टोकं जुळवायला एकमेकींजवळ आलो.

"मी पण होते तसल्या जागी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "मुंबईला. लगनाआधी."

माझ्या हातात टोकं देऊन, खालची दुमड धरून ती मागे सरकली. चेहरा अगदी कोरा. मी काही विचारणार, तर तिने मानेनेच नाही म्हटलं. पुन्हा जवळ आलो.

"तिथं बोलायची बंदी. चादरीची घडी घालताना दोघी जवळ येतात, तेवढंच बोलायचं." आणि मागे जाता जाता, "क्रूस नव्हता. देव आपलाच होता."

खाली रिक्षा थांबली. जिन्यावर दिनेशच्या चपला वाजल्या. आम्ही तिसऱ्यांदा जवळ आलो.

"मुलगी झाली. अकरा दिवस पाजली मी तिला. ह्याला ठाऊक नाय."

दिनेश दारात येऊन उभा राहिला. चांगला मुलगा आहे, आईला कधी वाट बघायला लावत नाही. "चल आये," तो म्हणाला, "वीरला गाडी यायची वेळ झाली."

चादरीची घडी पूर्ण झाली होती, चारी कडा अगदी जुळलेल्या. मावशीने ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली.

"नीट नाय झाली रे," ती मुलाला म्हणाली. "जरा थांब." आणि चादर झटकून तिने पुरी उलगडली, दोन टोकं माझ्या हातात दिली.