साहेबांच्या नावानं धाडलेला मेल

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वाटूरहून रोज बसनं जालन्याला जाऊन कॉम्प्युटरची बी.एस्सी. केली आणि गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळायला लागलो. तिथला मेल सर्व्हर उघडा होता. बाहेरचा कोणीही, पासवर्ड न देता, त्यातून कोणाच्याही नावानं कोणालाही मेल धाडू शकत होता. कॉम्प्युटरचं कामही ज्यांच्याकडंच होतं, त्या शेतकी अधिकारी साहेबांना मी तीनदा सांगितलं.

"मेल जाऊन राह्यले न बराबर? मंग कशाला उकरता, इंजिनियर?"

मी इंजिनियर न्हाई, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरून, मोबाइलच्या नेटवरून, मी त्यांच्याच नावानं कारखान्याच्या गावाकडच्या एका गटऑफिसच्या कारकुनाला मेल सोडला : 'उद्यापासून तुमच्या गटातली ऊसतोड बंद.' चाचणीच्या मेलात नुसतं 'चाचणी' लिहायचं असतं. मला साहेबांना दाखवायचं होतं. सर्व्हरनं मुकाट मेल घेतला. कारकुनाला सकाळी फोन करू, म्हणलं.

पण आमच्याकडं मेल छापून, शिक्का मारून फळ्यावर लागला की तो हुकूम होतो. मी फोन करायच्या आत, उजाडताच कारकुनानं तेच केलं.

मी साहेबांच्या ऑफिसात पोचलो तेव्हा त्या गटातले तीस-चाळीस ऊसवाले शेतकरी आत घुसले होते. एकानं साहेबांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

"म्या न्हाई धाडला," साहेब म्हणत होते.

"मंग शिक्का काय तुझ्या बापानं मारला?"

दुसऱ्यानं त्यांचा हात कपाटात धरून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. मेलवर माझं नाव न्हवतं. मागच्या पावली निघून गेलो असतो तर कोणालाच कळलं नसतं.

"मी धाडला," मी म्हणालो.

"सायबाला वाचवून राह्यला, चमचा."

मंग मी मोबाइल काढला, पुढच्या माणसाला नाव विचारलं आणि त्याच्या नावानं कारकुनाला दुसरा मेल सोडला. त्या माणसानं कारकुनाला फोन लावला. कारकून म्हणाला, "आला की. तुमचाच."

पहिला ठोसा नाकावर बसला. नंतरचे मोजले न्हाईत.

ते गेल्यावर साहेब मोडका हात मांडीवर धरून फरशीवर बसले होते.

"आधी ते बंद कर," ते म्हणाले. "मंग दवाखान्यात जाऊ."

कीबोर्डावर नाकातलं रक्त गळत होतं. मी सर्व्हरला बाहेरच्यांसाठी पासवर्ड लावला आणि मोबाइलवरून, पासवर्ड न देता, पुन्हा चाचणी घेतली, या वेळी माझ्या नावानं. सर्व्हरनं मेल नाकारला. साहेबांनी स्क्रीनवर स्वतः वाचलं, मंगच उठले.