बोलण्याची मनाई

ज्या सकाळी डॉक्टरसाहेबांनी माझ्या घशात लहानसा आरसा घालून पाहिले आणि बोलणे बंद करण्यास सांगितले, त्या सकाळी मला मरणाचे भय वाटले नाही. आता आपल्या जागी मिशन शाळेतले शमुवेल मास्तर बोलतील, याचे वाटले. हे मी पुष्कळ दिवस कोणास सांगितले नाही.

माझे दुखणे ‘लॅरिंजायटिस’, म्हणजे स्वरयंत्राची सूज. आवाज उन्हाळाभर बसलेला होता. सोलापूरची धूळ म्हणून मी ज्येष्ठमध चघळत राहिलो. घास गिळताना कळ येऊ लागली तेव्हा दाखविले. आत व्रण होता. तो क्षयाचा आहे की काय, हे पाहण्यासाठी थुंकी तपासावयाची होती. ज्यांचा आवाज असा बसून राहील, त्यांनी माझ्यासारखा उशीर करू नये.

“कुजबुजसुद्धा करायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “कुजबुजण्याचा ताण बोलण्याहून अधिक. ऐकलं नाहीत, तर हा आवाज परत येणार नाही.”

मी त्याच मिशन दवाखान्याचा उपदेशक. रोज सकाळी व्हरांड्यात रोगी बसत, मी शुभवर्तमान सांगे, आणि माझे सांगणे संपल्यावर औषधाच्या चिठ्ठ्या वाटल्या जात. एवढी माणसे शांत बसून ऐकतात, याचा मला अभिमान होता.

मला मागच्या पडवीत खाट मिळाली, आणि बोलण्याऐवजी लिहायला एक पाटी. शेजारच्या खाटेवर नरसय्या होता. गिरणीतला विणकर, घरी तेलुगू बोलणारा. त्याला ‘प्लुरसी’ झाली होती. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठते, धाप लागते, आणि ते पाणी पाठीतून सुई घालून काढावे लागते. सुईला तो भीत होता. त्याची मुलगी मागच्या वर्षी तापाने गेली होती.

शाळेतले शमुवेल मास्तर माझी पेज घेऊन येत. पहिल्याच दिवशी नरसय्याने त्यांना हसत सांगितले, “ह्या बाबांचं लई ऐकलंय आमी. चिठ्ठी मिळंस्तवर बसायचं, मग घरला जायचं. कुनैनपरीस कडू न्हाय, येवढंच.”

मास्तर हसले. माझ्याकडे पाहून हसू आवरले, ते मला अधिक लागले.

पुढे मास्तर पेज माझ्या उशाशी ठेवीत आणि त्याच्या खाटेपाशी बसत. मागाविषयी विचारीत, मुलीचे नाव विचारीत. एके दिवशी नरसय्या म्हणाला, “पोरगी तडफडत हुती, तवा तुमचा देव कुटं हुता?”

या प्रश्नाची उत्तरे माझ्यापाशी तयार होती. गिळता येत नव्हते तरी ती गळ्याशी आली.

 मास्तर म्हणाले, “मला ठाऊक नाही, नरसय्या. माझा मुलगा गेला तेव्हा मीही हेच विचारलं. येशू आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला, एवढं मला ठाऊक आहे. त्या रडण्याला धरून मी राहिलोय.”

नरसय्याने तोंड झाकून घेतले. तो रडत होता. उपदेशकाने ‘ठाऊक नाही’ म्हणू नये, असे मी पाटीवर लिहिले आणि पुसले. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याने कोणी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नरसय्या सुईला तयार झाला, मात्र मास्तर जवळ बसतील तर. डॉक्टरांनी पुढचा दिवस ठरविला. त्याच संध्याकाळी मी मौन मोडले. नरसय्याला वाचता येत नव्हते, म्हणून पाटी निरुपयोगी होती. मी त्याच्याकडे वळलो आणि कुजबुजलो, “तुझा बाप्तिस्मा झाला की मास्तरांना मोठी शाळा मिळायची आहे. उगीच नाही येत.”

हे धादांत खोटे होते.

सकाळी मास्तर आले, तेव्हा नरसय्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तुमची शाळा मोठी करायला मीच गावलो व्हय?” मास्तरांना काही उमगले नाही. पेज माझ्या उशाशी ठेवून ते शाळेत गेले. नरसय्याने सुईही नाकारली आणि घरी जातो म्हणाला. डॉक्टर चिडले. घरी पाणी वाढून हृदयावर दाब आला तर पुन्हा दवाखान्यापर्यंत पोहोचणार नाहीस, असे त्याला बजावले. तरी त्याने भावाला बोलावून घेतले.

दुपारी डॉक्टर माझ्याकडे आले. थुंकी स्वच्छ निघाली होती. “क्षय नाही. मौन असंच पाळा, आवाज येईल,” ते म्हणाले. देवाचे आभार मानावेत अशी ती बातमी, आणि समोर नरसय्याचा भाऊ वळकटी बांधीत होता. नरसय्याला बसूनही श्वास पुरत नव्हता.

मी उठलो. कुजबुज आता पुरणार नव्हती. पडवीतल्या सर्वांसमोर बोलायला हवे होते. गळ्यात काहीतरी फाटल्यासारखे झाले. “नरसय्या, मास्तरांविषयी मी खोटं सांगितलं. शाळा नाही, काही नाही. तुझं मन त्यांच्यापाशी मोकळं झालं, ते मला सोसवलं नाही.”

भावाचे हात थांबले. नरसय्या धापा टाकीत माझ्याकडे पाहत राहिला.

“बाबा,” तो म्हणाला, “आज पयल्यांदाच तुमचं चिठ्ठीबिगर ऐकलं.” आणि मग भावाला, “मास्तरास्नी बोलीव.”

सुई घालताना नरसय्या पुढे वाकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मास्तरांच्या हातांत होते. पिवळसर पाण्याने बाटली भरत गेली, तसा त्याचा श्वास लांब होत गेला. त्याने पुढे विश्वास धरला की नाही, ते तो आणि देव जाणे. तो बरा होऊन मागावर गेला. माझा आवाज मात्र पूर्वीचा झाला नाही. व्हरांड्यात आता मी उपदेश करीत नाही. रोग्यांपाशी बसतो, आणि औषधाची चिठ्ठी त्यांना आल्याबरोबर मिळते.

त्या दिवशी बाटली बाहेर नेल्यावर मास्तर पडवीच्या पायरीवर हात धूत होते. मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. पाटी खाटेवरच ठेवली होती.

“शमुवेल मास्तर,” मी म्हणालो, “तुमचा हेवा करता करता मी एका माणसाला मरणाच्या दारात नेलं. तुमचं नाव मी मळवलं. मला क्षमा करा.”