बिननंबरचा चष्मा

माझी तांबी ज्यांना ठाऊक होती, त्यातलं शेवटचं माणूस आज सकाळी गेलं.

शांताताई. माझ्या मोठ्या जाऊबाई.

हो, तांबी. कॉपर-टी.
या वयात फेसबुकवर हे काय लिहितेय, असं वाटेल कुणाला. वाटू दे. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते सगळे गेले. आता रागवायलासुद्धा घरात कुणी नाही.

दुसऱ्या मुलीच्या वेळी मी मरता मरता वाचले. इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा ही जोखीम नको. ह्यांना पटलं. पण आमच्या हिंगणघाटच्या कापडदुकानाला वारस हवा, हे सासूबाईंचं ठरलेलं होतं. आणि आईपुढे बोलायची ह्यांची छाती नव्हती.

गोळ्या घरात सापडल्या असत्या.
ऑपरेशनचे टाके दिसले असते.

तांबीचं ताईंनी सुचवलं. त्यांच्या मावसबहिणीने बसवली होती. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पण बायोलॉजीतला तेवढा धडा सिस्टरांनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता.

ताई सातवी शिकलेल्या. चिडवायच्या, "येवढं इंग्लिश शिकली, अन् कामाचं तेवढंच राह्यलं तुहं."

हिंगणघाटात सगळेच ओळखीचे, म्हणून वर्ध्याला गेलो. घरी सांगितलं, ताईंचे डोळे तपासायचेत.

ओपीडीत नर्सने विचारलं, मुलं किती?
मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "दोन पोरी हायेत आमाले."

आमाले.
त्यांना स्वतःला मूल नव्हतं.

मग त्यांनीच काळजीने विचारलं, "वर छातीत तं नाई चढत ना बाई?" नर्स हसली. बसवली तिथेच राहते म्हणाली. पहिले काही महिने पाळीचा त्रास जास्त होईल, आणि नको वाटली तर कधीही काढून मिळेल.

फार वेळ लागला नाही. ओटीपोटात एक कळ आली, तेवढं आठवतं. आणि ताईंच्या बांगड्या माझ्या मुठीत रुतल्या, ते.

बसस्टँडच्या वाटेवर ताई एकदम थबकल्या.
"छोटी, चष्मा?"

डोळे तपासायला गेलेल्या बायका रिकाम्या हाताने कशा परतणार? ताईंची नजर अशी की सुईत दोरा एका फटक्यात ओवायच्या. चष्मेवाल्याने परत परत विचारलं, नंबर नाही तर चष्मा कशाला? ताई म्हणाल्या, शोभेसाठी.

त्यानंतर सासूबाई समोर असल्या की ताई चष्मा लावून तूरडाळ निवडायच्या. सासूबाई शेजारणींना सांगत, चष्म्याने हिचं काम कसं सुधारलं बघा.
आम्ही दोघी पाठ फिरवून हसायचो.

वर्षभर वाट पाहून सासूबाईंनी कारंज्याकडच्या कुणाकडून तरी काढा आणवला. माझ्यासाठी. मुलगा व्हावा म्हणून. सकाळी उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून घ्यायचा.

उकळायचं काम ताईंकडे. मी त्यांना म्हटलं, मोरीत ओता. त्यांनी मान डोलावली. रोज रिकामा पेला सासूबाईंना दाखवायच्या.

एकदा मी लवकर उठले.

स्वयंपाकघरात ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. डोक्यावर पदर. तोंड पूर्वेकडे. हातात माझा पेला.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. शेवटचा घोट घेतला. पेला विसळला.

"तुले नोको होतं ना. मले लागू पडते का, पाहून राह्यली."

आम्ही दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही. हिवाळाभर काढा उकळत राहिला, मग सासूबाईंनी आशा सोडली.

ताईंनी कधी सोडली, मला कळलं नाही.

पुढे तांबी बदलली, वय झाल्यावर काढली. दर वेळी सोबत ताईच. काढायला गेलो तोवर त्यांना खरोखरचा नंबर लागला होता.

सासूबाई गेल्या. भाऊजी गेले, हे गेले. मुली शिकून दूर गेल्या. इतकी वर्षं या घरात आम्ही दोघीच होतो. मी पुस्तकी बोलायची, त्या वऱ्हाडी, आणि सकाळपासून बोलणं संपायचं नाही.

आज हॉस्पिटलमध्ये त्यांचं घड्याळ आणि चष्मा एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघतच विचारलं, "पेशंटला मुलं?"

"दोन पोरी हायेत आमाले," मी म्हणाले.

तिने मान वर केली. माझ्या शेजारी पाहिलं, मागे पाहिलं.
कुणी नव्हतं.

पोरी निघाल्या आहेत, ताई.
शेवटचा नमस्कार.