देणगीदारांची पाटी

कत्तलीत मेलेल्या माणसांच्या स्मारकापुढे मी अंगठा वर करून फोटो काढून घेतला, आणि तो मोठा करून सांडोर गावातल्या आमच्या घरात, हॉलमध्ये, अल्ताराच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याच्या, शेजारी लावला.

मला ती देणगीदारांची पाटी वाटली होती. आमच्याकडे क्रूसाभोवती नवी फरशी बसवली तरी बाजूला ग्रॅनाइटवर नावं कोरतात. आमच्या आळीच्या क्रूसावर माझं नाव तिसरं आहे. पहिल्या दोघांशी मी अजून नीट बोलत नाही.

गेल्या वर्षी गावातल्या चौदा जणांबरोबर व्हिएतनामच्या सहलीला गेलो. बायको गुडघ्यामुळे आली नाही. एका खेड्याजवळ बस पंक्चर झाली. भातशेताच्या कडेला छोटा मंडप, आत काळा दगड, त्यावर ओळीने नावं, पुढे आकडे. लिपी इंग्रजीसारखीच, म्हणून थोडं वाचलंही. एकाच आडनावाची अकरा माणसं! म्हटलं, काय भाविक घराणं आहे. सोबत्याच्या हातात मोबाइल दिला आणि पुढे उभा राहिलो.

माझ्या मुलीने तो फोटो तिच्या ऑफिसात हसायला म्हणून दाखवला. तिथे व्हिएतनामहून कामासाठी आलेली एक तरुणी होती. ती हसली नाही. मोठा फोटो बघायला घरी येऊ का, एवढंच तिने विचारलं. मी आपला खूश. परदेशातली माणसं माझा फोटो बघायला येतायत! त्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावरही चांगला शर्ट अंगातच ठेवला.

"ऑल डोनर्स," मी पाहुणीला फोटो दाखवत म्हणालो. "व्हेरी रिलिजियस व्हिलेज."

ती फोटोच्या अगदी जवळ गेली. मग मुलीला हळूहळू सांगत गेली, आणि मुलगी ते आम्हाला मराठीत सांगता सांगता मध्येच थांबायला लागली. युद्धात अमेरिकेच्या मदतीला तिसऱ्याच एका देशाचे सैनिक तिथे आले होते. एका सकाळी त्यांनी या गावातल्या लोकांना घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. तरणे पुरुष गावात नव्हतेच. नावांपुढचे आकडे म्हणजे वयं. तिने वाचून दाखवली. बहात्तर. चौतीस. नऊ. सहा. तीन. माझं ते भाविक घराणं एकाच अंगणात संपलं होतं.

बायको चहा घेऊन आली होती. तो तिने कुणाला दिलाच नाही.

माझ्या तोंडातून निघालं, "पण ते तर मदतीला आले होते ना?" माझं हे वाक्य मुलीने तिला सांगितलं नाही.

दगडावर सगळ्यात वर गावाचं नाव होतं, ते पाहुणीच्या आईचं गाव. आई तेव्हा सहा वर्षांची, कशीबशी वाचली, पुन्हा तिकडे फिरकली नाही. असा दगड बसवलाय हेही तिला ठाऊक नाही. आईचा धाकटा भाऊ वीस दिवसांचा होता. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. नाव नसलेली बाळंही दगडावर धरलीत का, की तो कधी जन्मलाच नव्हता असं झालंय, एवढं तिला आईला सांगायचं होतं. धरली असतील तर अगदी शेवटच्या ओळींत असतील, ती म्हणाली.

शेवटच्या ओळींवर माझं पोट होतं.

"पप्पा, दुसरा फोटो आहे?" मुलीने विचारलं.

मोबाइल काढून दिला. सतरा फोटो. एक अंगठा वर, दोन्ही अंगठे वर, हात कमरेवर, गॉगल घालून, गॉगल काढून. पाहुणी एकेक फोटो बोटांनी मोठा करत होती. एकात माझं कोपर आणि पोट यांच्यामध्ये दोन अक्षरं दिसली. ती त्यांच्याकडे बघत बसली. दोन अक्षरांवरून काय कळणार?

शेवटी तिने मुलीकरवी विचारलं, खाली काय लिहिलं होतं ते यांना आठवतंय का? त्या दगडाला टेकून मी दहा मिनिटं उभा होतो. आठवत होता तो माझा गॉगल.

बायकोने ट्रे खाली ठेवला, खुर्चीवर चढून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"सतरा फोटो काढलेत," ती म्हणाली. "एकदा तरी बाजूला व्हायचं होतं."