गेंडा सोडून बगळा

डोंगरातल्या वस्त्या फिरून शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मशीनवाले म्हणत. नाव होतं त्याला, पण ते विजेच्या बिलापुरतं. बायको बरोबर असायची, ती मशीनवाल्या काकू. आणि दोघांना घेऊन जायची ती गाडी म्हणजे गेंडा.

गाडीच्या नाकावर गेंड्याचा बिल्ला होता, म्हणून त्या कंपनीच्या सगळ्याच गाड्यांना लोक गेंडा म्हणत. चारही चाकांना जोर, अंगाला जाड पत्रा, बसायला कडक बाकडं. दगड असो, चिखल असो, नदीचं पात्र असो, गेंडा मान खाली घालून निघायचा तो पलीकडेच थांबायचा. त्याच्या तोडीची दुसऱ्या कंपनीची गाडी होती. तिच्यावर पांढऱ्या पक्ष्याची खूण. कंपनीनं तो कुठला थोर पक्षी म्हणून काढला असेल कोण जाणे, लोकांनी त्याचा बगळा करून टाकला.

मशीनवाल्याचा मेव्हणा बगळा चालवायचा. डोंगरातून दुधाचे कॅन आणायचा त्याचा धंदा. एकदा त्याची गाडी नदीत मधोमध बंद पडली, आणि नेमका मागून गेंडा आला. मशीनवाल्यानं दोर लावून तिला बाहेर ओढली. ओढायला जेवढा वेळ लागला असेल, त्याच्या शंभरपट वेळ तो ती हकीकत सांगण्यात घालवत आला होता. लग्नात सांगायची, बारशात सांगायची, दहाव्याला गेला तर तिथंही दबक्या आवाजात सांगायची.

"बगळाच तो," तो म्हणायचा. "पाण्यात गेला की एका पायावर उभा."

"दाजी, डिझेल संपलं होतं त्या दिवशी," मेव्हणा दर वेळी म्हणायचा.

"उपाशी होता म्हण की. मासा मिळाला नाही बिचाऱ्याला."

लोक हसायचे. मेव्हणाही हसायचा, कारण बहिणीच्या नवऱ्यापुढं दुसरं करणार काय. काकू मात्र हसत नसत. भाऊ तो भाऊच.

असं कितीतरी वर्षं चाललं, आणि मग काकूंची पाठ धरली. आधी उतरताना कळ यायची, मग बसताना, मग रात्री कूस बदलतानाही. डॉक्टरनं मणक्यांचे फोटो काढले, प्रकाशासमोर धरले आणि विचारलं, "कशात बसता तुम्ही?" काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

त्या दिवसापासून काकू घरी राहिल्या आणि गेंड्यातली डावी बाजू रिकामी झाली.

आता तुम्ही म्हणाल, मशीन दुरुस्त करायला बायको कशाला लागते? मशीनवाल्यालाही तसंच वाटलं होतं. बॉबिन बसवतो मी, पट्टा चढवतो मी, तेल घालतो मी. पण वरच्या वस्तीत एका शिंपीणबाईच्या घरी तो सलग तीन फेऱ्या गेला आणि तिन्ही वेळा बाईची तक्रार तीच, मशीन जड चालतंय. त्यानं ते खोललं, पुसलं, जुळवलं. चाक बोटानं ढकललं तरी गरगर फिरत होतं.

"जड नाही हो हे."

"जड आहे," बाई म्हणाली. "काकू कधी येतील?"

"तिची पाठ दुखते."

"मग त्या आल्या की सांगेन."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तिला दिवस गेले असतील. पाय सुजले असतील. तुमच्यापुढं कशी सांगणार? मशीन जड नाही, पाय जड झालेत. तिला हातानं चालवायचं चाक लावून द्या."

हे काकूंनी घरात बसून, भाजी निवडता निवडता सांगितलं. आणि ते खरं निघालं. तेव्हा मशीनवाल्याला कळून चुकलं की इतकी वर्षं मशीन तो दुरुस्त करत होता, पण बिघाड सापडायचा तो काकूंना. शिवाय एकट्यानं डबा खायचा, एकट्यानं परत यायचं. रस्ता तोच होता, पण आता संपता संपत नव्हता.

मग त्यानं गेंड्याला मऊ करायचा चंग बांधला. बाकड्यावर जाड स्पंज टाकला. खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले. टायरमधली हवा कमी केली. काकूंना एका फेरीला राजी केलं. नदीपर्यंत त्या ओठ दाबून बसल्या. पात्र ओलांडल्यावर म्हणाल्या, "थांबवा." उतरल्या, दगडाला टेकून उभ्या राहिल्या. घाम पुसून शांतपणे म्हणाल्या, "हे बघा. तुमच्याबरोबर येणार नाही असं माझं म्हणणं नाही. या गाडीत येणार नाही."

झालं. दोन गाड्याच त्या रस्त्याला टिकायच्या, आणि त्यातली एक आता बाद झाली. राहिला कोण? ज्याला आयुष्यभर नावं ठेवली तोच.

पण माणूस हाडाचा कारागीर. तपासल्याशिवाय हार मानणार नव्हता. एके सकाळी तो मेव्हण्याच्या दारात गेला. म्हणाला, "गेंड्याचं थोडं काम निघालंय. तुझी गाडी दे जरा."

मेव्हण्यानं किल्ली दिली. देताना भुवया वर केल्या.

मशीनवाल्यानं घरातलं मोठं पातेलं काठोकाठ भरलं, बायकोच्या जागेवर ठेवलं, दोरीनं बांधलं आणि नदीपर्यंत जाऊन आला. आदल्या दिवशी गेंड्यात हेच करून झालं होतं. गेंड्यात पातेल्याचा तळ दिसायला लागला होता, आणि तेही त्यानं गाडी जपून, अंडी नेल्यासारखी चालवून. बगळा मात्र त्यानं मुद्दाम दामटला. एकही दगड चुकवला नाही, उलट शोधून शोधून गाठला. तरी पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं राहिलं.

तो गाडीतच बसून राहिला. पातेल्यातलं पाणी हळूहळू स्थिर झालं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. ते काही फार बघण्यासारखं नव्हतं.

तो किल्ली परत करायला गेला तेव्हा मेव्हण्यानं ओली सीट पाहिली. हात लावून पाहिला.

"दाजी, हे काय?"

"पाणी."

"ते दिसतंय. गाडीत कसं आलं?"

"तुझी गाडी आहे," मशीनवाला म्हणाला. "पाणी सोडत नाही ती." आणि मग, घसा खाकरून, "असली जुनी कुठं मिळेल रे? चांगल्या हातातली."

मेव्हणा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "ताईसाठी ना?" एवढंच विचारलं आणि आठवड्याभरात स्वतः हिंडून एक बगळा शोधून दिला.

गेंडा एका खाणवाल्यानं नेला. मशीनवाल्यानं त्यातून सुट्या भागांची पेटी काढली, बाकड्याखालचा पाना काढला, काच पुसायचं फडकं काढलं. जाताना गाडीनं नेहमीसारखा धूर सोडला. बाजारात थट्टा झाली ती झालीच. सायकलवाला म्हणाला, "मशीनवाले, गेंड्याला पंख फुटले म्हणे?" चहावाला म्हणाला, "नदीत दोर लागला तर सांगा, देतो." मशीनवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. पेरलं होतं तेच उगवलं होतं, मग कापायला कुरकुर कशाला?

पहिल्या फेरीला काकू बसल्या. मऊ सीटला पाठ टेकली, दार लावलं. दार लागल्याचा आवाजसुद्धा बेताचाच. मशीनवाल्याचा हात सवयीनं गिअरच्या दांड्याच्या जुन्या जागी गेला आणि तिथं दांडा नव्हता. त्यानं काच पुसायचा दांडाच ओढला. कोरड्या काचेवर वायपर करकरला.

"लागला पाऊस," काकू पुटपुटल्या.

त्यानं चमकून पाहिलं. काकू समोर बघत होत्या. ओठ हलत होते.

"आता दुसरा गिअर टाकतील. टाकला. पुढं खड्डा आहे. डावीकडनं घ्या. घेणार नाहीत. गेले त्यातच. जवळचं नातं आहे त्याच्याशी, भेटल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि यांच्या बहिणीनं शाल नेली ती दोन हिवाळे झाले तरी परत नाही, मागायला तोंड नाही यांना, मला बोलायला मात्र..."

"अगं, कुणाशी बोलतेस?" त्यानं विचारलं.

काकूंचे ओठ जागच्या जागी थांबले. कानापर्यंत लाली चढली.

"ऐकू आलं तुम्हाला?"

"सगळं."

"या गाडीत आवाजच नाही," त्या म्हणाल्या. जणू गाडीनं चोरी केली होती.

गेंड्यात इंजिनाचा एवढा घरघराट असायचा की शेजाऱ्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे. म्हणून दोघं बोलत नसत. म्हणजे तो बोलत नसे. काकू मात्र पहिल्या फेरीपासून बोलतच होत्या. नवऱ्याला, नणंदेला, रस्त्याला, देवाला, जे घरात म्हणता येत नव्हतं ते सगळं त्या घरघराटात सोडून देत होत्या.

"माझी आई गेली ना," चढ लागला तशा त्या म्हणाल्या, "तेव्हा घरी पाहुणे होते. रडायला वेळ झाला नाही. नंतर या चढावर रडले. मोठ्यानं. तुम्हाला कळलं नाही."

त्याला आठवलं. काकू पदरानं डोळे पुसत होत्या, आणि धूळ गेली असेल म्हणून त्यानं आपलं फडकं पुढं केलं होतं.

वस्तीत काम झकास झालं. बायका काकूंभोवती जमल्या. कुणाची सुई नव्हे तर सून मोडत होती, तेही निघालं. पाठ दुखली नाही. पण परत येताना काकू गप्प. दुसऱ्या फेरीलाही गप्प. तिसऱ्या फेरीच्या सकाळी त्या चप्पल न घालता दारात उभ्या राहिल्या.

"पाठ?" त्यानं विचारलं.

"पाठ बरी आहे."

"मग?"

"तिथं बसलं की तोंडावर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं. तुम्ही जाऊन या आज."

मशीनवाला गाडीत जाऊन बसला. चालू केली. ऐकलं. इंजिन आपलं पोट भरलेल्या मांजरासारखं गुरगुरत होतं. त्यानं दोन्ही बाजूंच्या काचा पार खाली केल्या. मागच्याही केल्या. मग उतरून मागचं दार उघडलं, सुट्या भागांच्या पेटीवरचं कापड काढलं. आतल्या बॉबिन, चकत्या, स्क्रू उघडे पडले. गाडी जरा पुढं-मागं केली. सगळं खणाणलं.

"चल," तो म्हणाला. "मला काही ऐकू येत नाही."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. पेटीकडं पाहिलं. चप्पल घातली.

नदीपाशी मेव्हण्याची गाडी समोरून आली. त्यानं थांबून पाहिलं. दाजी धुळीनं पांढरे, बहीण पांढरी, मागं पेटी मंदिरातल्या घंटेसारखी वाजतेय.

"दाजी, काचा वर करायचं बटण दाखवू का?"

"माहीत आहे मला ते."

"मग धूळ का खाताय?"

"तुझ्या बहिणीला वारा लागतो."

मेव्हण्यानं बहिणीकडं पाहिलं. ती डोक्याला पदर घट्ट गुंडाळून बसली होती आणि गाडी कधी हलते याची वाट बघत होती.

चढ लागला. वारा भणाणत आत आला, खडी पत्र्यावर ताडताड उडाली, पेटी खणखणली. मशीनवाला सरळ समोर बघत होता. मान वळवायची नाही, हे त्यानं ठरवलं होतं. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, काकूंचे ओठ हलायला लागले होते. मध्येच वारा पडला आणि एक शब्द त्याच्यापर्यंत पोचला. त्याच्या बहिणीचं नाव होतं. त्यानं गिअर बदलला.